आगोटीपासून नव्यापर्यंत

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. खाऱ्या बांगड्यांचे आणि सुक्या सुंगटांचे ढीग, कांद्याच्या माळा, मिठाच्या गोणी, सोलं, चिंचेचे गोळे, लाल मिरच्या. कोकणात ज्याला आगोटीची तयारी म्हणतात, तीच ही. गोव्यात तिला पुरुमेत म्हणतात. पावसाचे चार महिने समुद्र बंद, नदीला पूर, वाटेवर गुडघाभर चिखल. तेव्हा घरात जे भरून ठेवलं तेच खायचं, हा जुना हिशेब. आता दुकानं बारमाही उघडी असतात. तरी बायका घासाघीस करून वर्षाचं मीठ याच दिवसांत घेतात.

म्हापशाच्या चर्चचं फेस्त ईस्टरनंतर साधारण पंधरवड्यानं येतं आणि पुरुमेताच्या खरेदीची सुरुवात बहुतेकांची तिथल्या फेरीतच होते. चर्च कागदोपत्री सेंट जेरोमचं, पण लोकांच्या तोंडी ते मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं. फेस्ताच्या दिवशी तेल घेऊन रांगेत उभे असलेले निम्मेअधिक लोक हिंदू दिसतात. लोककथेत ही सायबीण सात बहिणींपैकी एक आहे. दुसरी बहीण शिरगावची लईराई, जिच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीला धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. दोन्ही देवस्थानांत फुलांची आणि तेलाची देवघेव असते, असं सांगतात. कथेची ऐतिहासिक सत्यता तपासत बसण्यात अर्थ नाही. बहिणी पावसाआधी एकमेकींची विचारपूस करतात, एवढं लोकांना पुरतं.

गोवा पाहायला लोक डिसेंबरात जातात. मला पाहायचा होता तो जून ते सप्टेंबरमधला गोवा, कारण वर्षातले सगळ्यात मजेदार सण या चार महिन्यांत एकमेकांच्या अंगावर येऊन पडलेले असतात. त्यातले काही रोममधून आले, काही पंढरीच्या वाटेनं, काही कोणत्याच ग्रंथातून नाहीत. पण इथे आल्यावर त्या सगळ्यांना पावसानं भिजवलं.

सांजांवपासून सुरुवात करतो. संत जुआंव, म्हणजे येशूला बाप्तिस्मा देणारा योहान, याचा जन्मदिवस २४ जूनला येतो. ही तारीख युरोपातल्या उन्हाळ्याच्या ऐन मध्यावरची आहे. स्टॉकहोममध्ये तेव्हा दिवस अठरा तासांपेक्षा मोठा असतो. स्वीडनमध्ये पानाफुलांनी मढवलेला खांब उभारून लोक त्याभोवती नाचतात. लाटवियात पुरुष ओकच्या पानांचे आणि बायका फुलांचे मुकुट घालून रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतात. ज्या पोर्तुगालनं हा सण गोव्यात आणला, तिथे पोर्तो शहरात २३ जूनच्या रात्री रस्तोरस्ती सार्डिन मासे भाजले जातात, तुळशीच्या जातीतल्या एका सुवासिक झाडाच्या कुंड्या भेट दिल्या जातात आणि शेकोट्यांवरून उड्या मारल्या जातात. ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून युरोपात सूर्याच्या या टोकाचा उत्सव होत होता. चर्चनं त्यावर संताचं नाव चढवलं.

आता हाच सण जहाजात घालून पंधरा अक्षांशावर आणा. पणजीत वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. सूर्य तर ढगांमागे दडी मारून बसलेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आलेला असतो आणि २४ तारखेपर्यंत विहिरी निम्म्यावर चढलेल्या असतात. शेकोटी पेटवणार कशी आणि तिच्यावरून उडी मारणार कोण? मग उडी राहिली, आग गेली, आणि आगीच्या जागी विहीर आली.

धर्मकथेतही त्याला आधार आहे. मरिया गरोदर असताना एलिझाबेथला भेटायला जाते, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातला योहान आनंदानं उडी मारतो, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. विहिरीत उडी का मारता, असं गावात विचारलं की हीच गोष्ट ऐकायला मिळते. मला मात्र वाटतं, की आधी विहीर भरली आणि मग गोष्ट आठवली.

सकाळी मिस्सा झाली की वाड्यावाड्यांतून टोळ्या निघतात. प्रत्येकाच्या डोक्यावर कोपेल, म्हणजे पावसात उगवलेल्या वेली, रानफुलं आणि असलीच तर छोटी फळं गुंफून केलेला मुकुट. सोबत घुमट आणि कासाळें, म्हणजे झांजा. मातीच्या घड्याला एका बाजूनं कातडं ताणून बांधलेलं घुमट हे वाद्य २०१९ मध्ये गोवा सरकारनं राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं लावतात, आणि जुने वाजवणारे आवाज उतरला म्हणून कुरकुरतात. टोळी एका विहिरीशी थांबते, ‘व्हिवा सांजांव’ असा गजर होतो, पोरं धडाधड पाण्यात. वर आली की घरमालक फेणीची बाटली, फणसाचे गरे, पातोळ्या, जे असेल ते पुढे करतो. मग पुढची विहीर.

लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवाला जावई सासरी जातो. त्याला कोपेल घालायचं, गोडधोड खिलवायचं, गावच्या विहिरीत उडवायचं. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताट आणि वाण मिळतं. इथे त्याला आधी भिजावं लागतं.

शिवोलीला दुपारनंतर होड्यांची मिरवणूक असते. आसपासच्या वाड्यांतले लोक सजवलेल्या होड्यांतून खाडीनं संत जुआंवच्या कपेलापाशी येतात. ही प्रथा दीडशेहून अधिक वर्षांची असल्याचं शिवोलीकर सांगतात. हल्ली दोन्ही काठांवर पर्यटकांची इतकी गर्दी असते की होडीतल्यांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. हॉटेलांच्या निळ्या टाक्यांतही ‘सांजांव पार्टी’ होते, प्लास्टिकच्या फुलांचं कोपेल तिकिटाबरोबर मिळतं. ती मी पाहिली आणि लगेच बाहेर पडलो. एका म्हाताऱ्या शिवोलीकर बाबांना त्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, “बांय ना जाल्यार सांजांव कसलो?” विहीर नसेल तर सांजांव कसला! पण विहिरीही कमी होत चालल्या आहेत. जुनी घरं विकली जातात, तिथे सदनिका उभ्या राहतात आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसते.

पाच दिवसांनी, २९ जूनला, सांगोड. संत पेद्रू आणि संत पावलू यांचा हा दिवस. पेद्रू मूळचा मासेमार, म्हणून खारव्यांचा सण. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला, तेव्हा होड्या रिकाम्याच. त्यातल्या दोन-तीन एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर माडाच्या झावळ्यांचा, कधी चर्चच्या आकाराचा मांडव उभा करायचा. हा तरंगता रंगमंच कांदोळी-नेरूलच्या खाडीतून हळूहळू जातो. वर बँड, कांतारां आणि गावच्या राजकारणाची टिंगल करणारे छोटे तियात्र. काठावरचे लोक छत्र्या सरसावून बघतात. मला सांजांवपेक्षा सांगोड आवडला. एक तर तो अजून फारसा विकला गेलेला नाही. दुसरं म्हणजे, बेकारीच्या दोन महिन्यांत आपल्याच हत्यारांचं नाटकघर करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

या तारखांच्या गमतीसाठी २०२३ साल आठवून पाहावं. त्या वर्षी २९ जूनला सांगोड तर होताच, त्याच दिवशी आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही. तीन पंचांगं एका गुरुवारी एकत्र आली. महाराष्ट्रात पंढरपुरासह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजानं त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं होतं, ते बऱ्याच वाचकांना आठवत असेल. असा योग फार क्वचित येतो, कारण तिन्ही पंचांगांची चाल वेगळी. सांगोड सूर्यावर बांधलेला, २९ जून सोडत नाही. एकादशी चंद्रावर, पण दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून तिला ऋतूला धरून ठेवलेलं. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, ते दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतं आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. म्हणून ईद पावसाळ्यातही येते आणि थंडीतही. चर्चचं ईस्टरही चंद्र पाहूनच ठरतं, पण त्याला वसंतसंपाताचा खुंटा आहे.

एकादशीसाठी मी माशेलला होतो. माशेल फोंडा तालुक्यात, आणि इथला देव देवकीकृष्ण. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी अशी मूर्ती सहसा कुठे दिसत नाही. हा देव मूळचा मांडवीतल्या चोडण बेटाचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्त त्याला घेऊन आधी मयेला आणि मग इथे आले. फोंडा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता, म्हणून गोव्यातले कितीतरी मोठे देव नदी ओलांडून याच बाजूला येऊन राहिले आहेत.

एकादशीला देवळात अखंड भजन बसतं. दुसऱ्या दिवशी ते संपलं की चिखलकाला. पुरुष आणि पोरं अंगाला तेल चोपडून देवळासमोरच्या मैदानात उतरतात. पाऊस पडून पडून त्या मैदानाचा लगदा झालेला असतो. मग त्यात कृष्णाचे सगळे खेळ. बेडूकउड्या, चक्र, आंधळी कोशिंबीर, एकमेकांना पाय धरून ओढणं. वरून कुणीतरी पेढे, केळी, चकल्या फेकतो आणि त्या झेलायला पन्नास हात वर जातात. विठ्ठलनामाचा गजर चालूच. आपल्याकडचा काला हंडीपाशी थांबतो, उंचीची स्पर्धा होते, बक्षिसाच्या रकमा लागतात. इथे चढायचं नाही, लोळायचं. सत्तरीचे एक आजोबा चिखलात बसकण मारून पोराच्या हातावर टाळी देताना पाहिले आणि मला कॅमेरा पिशवीत ठेवून द्यावासा वाटला. ठेवलाही, कारण चिखल उडायला लागला होता.

जुलैच्या शेवटी तिसवाडीतल्या तळावलीला तवशांचं फेस्त. तवसं म्हणजे काकडी, हे कोकणातल्यांना सांगायला नको. संत आना ही येशूची आजी. मूल उशिरा झालेली, म्हणून मूल हवं असलेली जोडपी तिला तवसं वाहतात. पावसाळ्यात परसात वेलीला पहिलं लागणारं हे फळ. इथलं सांतानाचं चर्च सतराव्या शतकाच्या अखेरचं, गोव्यातल्या सर्वांत देखण्या चर्चांपैकी एक. वेदीच्या कोरीव कामाइतकीच बाहेरच्या टोपल्यांतली हिरवी-पिवळी तवशीही बघण्यासारखी.

पण मी खरी वाट बघत होतो ती ५ ऑगस्टची. सासष्टीतल्या राय गावात त्या दिवशी कोणसांचं फेस्त असतं, गोव्यातलं वर्षातलं पहिलं. कोणस म्हणजे भाताचं कणीस. चर्च आहे बर्फाच्या सायबिणीचं! बर्फ न पाहिलेल्या गावात हे नाव कुठून आलं? चौथ्या शतकात रोममधल्या एका टेकडीवर ५ ऑगस्टला, भर उन्हाळ्यात, बर्फ पडला आणि जिथे पडला तिथे मरियेचं मोठं देऊळ बांधलं, अशी आख्यायिका आहे. रोमच्या त्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये आजही ५ ऑगस्टला छतावरून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. तीच तारीख रायमध्ये आली आणि पाकळ्यांच्या जागी भाताची लोंबी आली.

सकाळच्या मिस्सेनंतर पाद्री, गावकार आणि बँड मिरवणुकीनं शेतात जातात. पाद्रीबाब आशीर्वाद देऊन सजवलेल्या विळ्यानं पहिली पेंढी कापतात, फटाके वाजतात, आणि लोक कणसांसाठी पुढे सरसावतात. भोवतालचं शेत बहुतेक हिरवंगार. कापलेली कणसंही बरीचशी हिरवटच. हळवं भात झालं तरी जूनचा पेरा ५ ऑगस्टला पुरता पिकत नाही, पण रोमच्या तारखेला ते कोण सांगणार! कणसं घरी नेऊन देव्हाऱ्यापाशी, म्हणजे खुरसाजवळ लावतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी त्यांच्या हातातल्या जुडीतली दोन कणसं काढून मला दिली. मी ‘देव बरें करूं’ म्हणालो तर त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि ते ऐकून म्हणाल्या, “तुमगेलीं नवीं चवथीक न्हय?” तुमचं नवं, म्हणजे नव्या कणसांची पूजा, चतुर्थीला असते ना! मी महाराष्ट्राचा, आमचं आणखी पुढे असतं, हे समजावून सांगायला वेळ लागला.

रायनंतर इतर गावं आपापल्या तारखांना कणसं कापतात. पणजीजवळच्या ताळगावचा दिवस २१ ऑगस्ट, आणि पहिल्या कणसांचा मान आपल्या गावकारांना अफोंसो द आल्बुकेर्कनं दिला, असं ताळगावकर अभिमानानं सांगतात. हा मान चर्चचा नाही, गावकारीचा आहे. शेत गावाचं सामाईक, त्याचा कारभार गावकारांकडे, बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, राखायची जबाबदारीही त्यांची. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था. त्यांनी माणसांचा धर्म बदलला, पण शेतसारा हवा असल्यानं गावकारी मोडली नाही, तिला फक्त कोमुनिदाद हे नाव दिलं. म्हणून नव्याचा मान देवळातून चर्चमध्ये गेला तरी मानकरी तेच राहिले. आज अडचण वेगळीच आहे. फेस्ताच्या मिरवणुकीच्या वाटेवर पडीक खाचरं दिसतात. मजूर मिळत नाहीत, बांध फुटून खारं पाणी घुसतं, आणि जमिनीला भातापेक्षा बिल्डर जास्त भाव देतो. घरात शिजणारा तांदूळ बहुतेकांचा दुकानातला. आशीर्वादासाठी एक तुकडा मात्र लावला जातोच.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर गेलो. तिथला बोंदेरां हा ना चर्चचा सण, ना देवळाचा. दोन वाड्यांत शेताच्या हद्दीवरून मारामाऱ्या होत. पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं लावली, गावकऱ्यांनी ती पाडली. त्या पाडण्याचीच आता मिरवणूक निघते, रंगीत निशाणं आणि बांबूच्या नळीतून फळं उडवणाऱ्या फोताश बंदुकांसह. पोरांच्या हातात फोताश आली की आपण टोपी घालून फिरावं.

आणि मग चवथ. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यानं ती १९ सप्टेंबरपर्यंत लांबली होती, आणि त्यामुळे माटोळीच्या बाजारात रानफळांची चंगळ होती. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळं, फुलं, वेली, पानं बांधायची, ती माटोळी. सिंधुदुर्गात हीच माटवी. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तवसं, आंबाडे, लालभडक कवंडळं, कांगणं, हरणाची पिवळी फुलं. सत्तरी-केपेच्या रानातून बायका भल्या पहाटे हे सगळं टोपल्यांत घेऊन येतात. कोणतं फळ कोणत्या ओढ्याकाठी पिकतं हे त्यांनाच ठाऊक. सरकार माटोळीची स्पर्धा घेतं आणि दोन-तीनशे जातींच्या माटोळ्याही होतात, पण त्यासाठी रान ओरबाडलं जातं अशी तक्रार मी सत्तरीतल्याच माणसांकडून ऐकली. मला ती पटली.

काही घरांत मातीची मूर्ती नसतेच. १५६० ला सुरू झालेल्या इन्क्विझिशनच्या काळात मूर्ती ठेवणं म्हणजे संकट ओढवून घेणं, तेव्हा लोकांनी कागदावरचं चित्र किंवा नुसती पत्री पुजायला सुरुवात केली. पत्री कुणी पकडणार नाही, ती तर आवारातली झाडोऱ्याची पानं. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, पण त्या घरांतला पत्रीचा किंवा कागदाचा गणपती तसाच आहे. रात्री आरतीला घुमट आलं. सांजांवला विहिरीच्या काठावर ज्या तालात वाजत होतं, तो नव्हे. आरतीच्या ठेक्यात विलंबित सुरुवात असते आणि शेवटी ती अशी काही धावते की म्हणणारे मागे पडतात.

पंचमीला नवं. शेतातून आणलेली कणसं गणपतीपुढे ठेवून पुजायची आणि मग दारावर, कोठीच्या खोलीवर बांधायची. आता भात खरोखरच पिकायला लागलेलं असतं. पत्रादेवीवरून बांद्याला उतरून सावंतवाडीकडे आलं की हाच विधी पुन्हा लांबतो, कारण आमच्याकडे नवान्न कोजागिरीला. भाताच्या लोंब्या, नाचणी, वरी, कुरडूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून दारावर, तुळशीला, नांगराला आणि आता मोटरसायकलच्या हँडललाही लावतात. त्या वर्षी कोजागिरी २८ ऑक्टोबरला होती. तोवर गरवं भातही कापणीला आलं होतं, आणि शेजारच्या काकूंनी नव्या तांदळाची खीर करून वाडीभर वाटली. तांदूळ त्यांच्याच शेतातला होता, हे त्यांनी प्रत्येक घरी सांगितलं.